शरण आलेल्याचे काय करायचे? ज्यू निर्वासितांचा इतिहास आणि विद्यार्थ्यांचे नीतिशिक्षण

नाझी जर्मनी आणि तिच्या साथीदार राजवटींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातल्या सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. शाळा-महाविद्यालयांत या संहाराचा अभ्यास होतो तो बहुधा मारणाऱ्यांच्या बाजूने. हिटलर सत्तेवर कसा आला, वंशद्वेष कसा पसरला, छळछावण्या कशा चालत, हे प्रश्न तिथे विचारले जातात. पण सामूहिक हत्या सुरू होण्याआधी जवळजवळ आठ वर्षे जर्मनीतल्या ज्यूंना देश सोडण्याची मुभा होती. त्यांनी निघून जावे अशीच नाझींची इच्छा होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये स्थलांतरावर बंदी आली, तोवर हा प्रश्न एकट्या जर्मनीचा राहिला नव्हता. दारात उभ्या असलेल्या माणसाला आत घ्यायचे की नाही, याचे उत्तर इतर देशांना, चर्चना, विद्यापीठांना आणि साध्या कुटुंबांना द्यावे लागत होते. त्यांनी दिलेली उत्तरे नोंदलेली आहेत. विद्यार्थ्याने ती तपासणे हा नीतिशिक्षणाचा कसदार भाग आहे, कारण नकार देणाऱ्यांपैकी बहुतेक जण क्रूर नव्हते. त्यांना निर्वासितांविषयी सहानुभूती होती. तरीही दार बंद राहिले.

दारे बंद होत गेली

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला तेव्हा जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू होते. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा झाला. सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले आणि ज्यू व बिगरज्यू यांच्या विवाहांवर बंदी घातली. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेला आणि व्हिएन्नातले ज्यूही त्याच कचाट्यात सापडले. देश सोडणाऱ्याची मालमत्ता निरनिराळ्या करांतून हिरावून घेतली जाई आणि शेवटी दहा मार्क तेवढे बरोबर नेता येत. जर्मनी ज्यूंना कंगाल करून हाकलत होती आणि इतर देश कंगाल माणसाला व्हिसा द्यायला तयार नव्हते.

जुलै १९३८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने फ्रान्समधल्या एव्हियां या गावी ३२ देशांची परिषद भरली. निर्वासितांचा प्रश्न सोडवणे हा तिचा हेतू होता. मात्र कोणत्याही देशाने आपल्या चालू कायद्यांपेक्षा जास्त माणसे घ्यावीत अशी अपेक्षा नाही, असे निमंत्रणातच म्हटले होते. प्रतिनिधींनी एकामागून एक उठून दुःख व्यक्त केले आणि आपल्या देशाच्या अडचणी सांगितल्या. आमच्याकडे वांशिक प्रश्न नाही आणि तो आयात करण्याची आमची इच्छा नाही, अशा अर्थाचे विधान ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीने केले. डोमिनिकन रिपब्लिक या छोट्या देशाने मोठ्या संख्येने निर्वासित घेण्याची तयारी दाखवली. प्रत्यक्षात तिथल्या सोसुआ वसाहतीत काहीशेच माणसे पोहोचू शकली.

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ या दोन दिवसांत जर्मनी आणि ऑस्ट्रियात शेकडो सिनेगॉग जाळली गेली, ज्यूंची हजारो दुकाने फोडली गेली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत डांबण्यात आले. त्याच महिन्यात अमेरिकेत गॅलप संस्थेने लोकमत अजमावले. नाझींच्या या वागणुकीचा निषेध करणारे ९४ टक्के निघाले. जर्मनीतले ज्यू निर्वासित अधिक संख्येने येऊ द्यावेत का, या प्रश्नाला मात्र सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी नाही म्हटले. या दोन आकड्यांमधल्या अंतरात त्या काळाचा सगळा नैतिक पेच सामावलेला आहे. पुढच्या वर्षी २०,००० मुलांना स्थलांतराच्या ठरलेल्या कोट्याबाहेर प्रवेश देण्याचे वॅग्नर-रॉजर्स विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये आले, पण ते मतदानापर्यंतही पोहोचले नाही. मे १९३९ मध्ये ब्रिटनने श्वेतपत्रिका काढली आणि आपल्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनमध्ये पुढच्या पाच वर्षांत जास्तीत जास्त ७५,००० ज्यूंना येऊ देण्याचे ठरवले.

त्याच मे महिन्यात ‘सेंट लुई’ हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून हवानाकडे निघाले. प्रवासी जवळजवळ सगळे ज्यू होते आणि क्युबात उतरण्याचे परवाने त्यांच्याजवळ होते. जहाज निघण्यापूर्वीच क्युबाच्या सरकारने ते परवाने रद्द केले होते. हवानात २८ जणांनाच उतरू दिले. जहाज फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळून गेले, पण अमेरिकेने प्रवेश नाकारला. कॅनडानेही दाद दिली नाही. प्रवाशांना जर्मनीत परत न्यायचे नाही, असा कप्तान गुस्टाव श्र्योडर यांचा निर्धार होता. ज्यू मदतसंस्थांच्या वाटाघाटींमुळे अखेर ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलंड्स यांनी हे प्रवासी वाटून घेतले. वर्षभरात यांपैकी तीन देश जर्मनीच्या ताब्यात गेले. परत आलेल्यांपैकी २५४ जण संहारात बळी पडले.

नकार कोणत्या शब्दांत दिला गेला

या नोंदी वाचताना एक गोष्ट विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. ज्यूंचा आम्ही द्वेष करतो म्हणून त्यांना घेणार नाही, असे लोकशाही देशांच्या सरकारांनी क्वचितच म्हटले. १९२९ च्या मंदीनंतरची बेकारी, १९२४ च्या अमेरिकी कायद्याने ठरवलेला कोटा, निर्वासितांमध्ये हेर मिसळले असण्याची शक्यता, आज यांना घेतले तर पोलंड आणि रुमानियाही आपले ज्यू बाहेर ढकलतील ही धास्ती, अशी कारणे देण्यात आली. प्रत्येक कारणात थोडेबहुत तथ्य होते. समाजात मुरलेला ज्यूद्वेष या कारणांच्या आड सुरक्षित राहिला. शिवाय ही सगळी कारणे घर असलेल्यांच्या सोयीची होती. नाकारलेल्या माणसाचे पुढे काय होईल, हा प्रश्न त्यांपैकी एकाही कारणात नव्हता.

शत्रूच्या गोटातून आलेल्या माणसाविषयीची शंका भारतीय वाचकाला अनोळखी नाही. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात बिभीषण रामाकडे येतो तेव्हा सुग्रीव त्याला आश्रय द्यायला विरोध करतो. हा राक्षस आहे, रावणाचा भाऊ आहे, हेर असेल, असे त्याचे म्हणणे असते. ही शंका मूर्खपणाची नाही. राम ती ऐकून घेतो, हनुमानाचे मतही विचारात घेतो आणि मग शरण आलेल्याला अभय देणे हे आपले व्रत असल्याचे सांगतो. आपल्या मांसानेसुद्धा पाहुण्याची सेवा करणाऱ्या कपोताची कथा तो आधाराला घेतो. धोका तपासावा, पण धोक्याच्या नावाखाली कर्तव्य टाळू नये, ही या प्रसंगाची शिकवण आहे. १९३८ च्या मुत्सद्द्यांनी धोक्याचा हिशेब चोख केला आणि कर्तव्याचा हिशेब सोडून दिला.

ज्यांनी दार उघडले

याच काळात काही माणसांनी उलट निर्णय घेतला. व्हिएन्नातले चिनी महावाणिज्यदूत हो फेंग-शान यांनी बर्लिनमधल्या आपल्या वरिष्ठांचा विरोध पत्करून शांघायचे व्हिसा दिले. त्यामुळे हजारो ज्यूंना ऑस्ट्रिया सोडता आला. १९४० च्या उन्हाळ्यात लिथुआनियातल्या कौनास शहरात जपानचे वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी टोकियोच्या सूचना बाजूला ठेवून दोन हजारांहून अधिक प्रवास-व्हिसा लिहिले. या व्हिसांवर वाचलेल्यांत मिर येथील येशिवाचे, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या विद्यापीठाचे, शिक्षक आणि विद्यार्थी होते. जपानमार्गे ते शांघायला पोहोचले आणि तिथे त्यांनी अध्ययन पुढे चालू ठेवले. जून १९४० मध्ये फ्रान्सच्या बोर्दो शहरात पोर्तुगालचे वाणिज्यदूत आरिस्तिदेस द सौझा मेंदेस यांनी सालाझार सरकारचा स्पष्ट आदेश मोडून व्हिसा वाटले. त्यांची कारकीर्द संपवण्यात आली आणि १९५४ मध्ये ते दारिद्र्यात वारले. स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन प्रांतातले पोलीस अधिकारी पाउल ग्र्युनिंगर यांनी सीमा बंद झाल्यावरही ज्यूंना आत घेतले आणि कागदांवर आधीच्या तारखा घातल्या. त्यांची नोकरी गेली आणि न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. ही शिक्षा १९९५ मध्ये रद्द झाली. तोवर त्यांच्या मृत्यूला दोन तपे होत आली होती.

ब्रिटनने डिसेंबर १९३८ पासून युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० मुले घेतली. क्वेकर आणि ज्यू संस्थांनी सरकारपुढे केलेल्या रदबदलीमुळे हे साधले. प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी द्यावी लागे. आईवडिलांना मात्र प्रवेश नव्हता आणि बहुतेक मुलांची त्यांच्याशी पुन्हा भेट झाली नाही. या मोहिमेचे कौतुक करताना तिची ही मर्यादा विद्यार्थ्यापुढे ठेवलीच पाहिजे. मुले वाचली हे खरे, आणि आईवडील त्याच बोटीने येऊ शकले असते हेही खरे.

दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागातले ल शांबों-स्यूर-लिन्यों हे प्रोटेस्टंट वस्तीचे गाव. फ्रान्सच्या शरणागतीनंतर पुढच्याच रविवारी तिथले पास्टर आंद्रे त्रोक्मे यांनी प्रवचनातून आत्म्याच्या शस्त्रांनी प्रतिकार करण्याचे आवाहन केले. त्यांची पत्नी माग्दा यांच्या दारात पहिली ज्यू निर्वासित स्त्री आली तेव्हा त्यांनी तिला आत बोलावले. पुढे गावातल्या आणि आसपासच्या पठारावरच्या शेतकऱ्यांनी हजारो निर्वासितांना लपवले. त्यांत मुले पुष्कळ होती. या लोकांच्या पूर्वजांनी सतराव्या शतकात कॅथलिक राजसत्तेचा छळ सोसला होता आणि ती आठवण प्रवचनांतून, घरोघरच्या बायबलवाचनातून जिवंत राहिली होती. निरपराधाचे रक्त सांडू नये म्हणून आश्रयाची नगरे राखून ठेवण्याची बायबलमधली आज्ञा त्यांनी आपल्या गावाला लागू केली. इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने १९९० मध्ये या सबंध परिसराचा गौरव केला.

डेन्मार्कमध्ये ऑक्टोबर १९४३ च्या सुरुवातीला ज्यूंची धरपकड होणार असल्याची बातमी जर्मन वकिलातीतल्या गेऑर्ग डुकविट्झ यांनी फोडली. कोळ्यांच्या होड्यांतून सुमारे ७,२०० ज्यूंना स्वीडनला पोहोचवण्यात आले. सुमारे ४७० जण पकडले गेले. याच डेन्मार्कने १९३० च्या दशकात ज्यू निर्वासितांना प्रवेश देताना हात आखडता घेतला होता. एकच समाज परक्याला नाकारतो आणि शेजाऱ्यासाठी जीव धोक्यात घालतो. शेजारी कोणाला म्हणायचे यावर कर्तव्याची व्याप्ती ठरते, हे इथे स्पष्ट दिसते.

विद्यार्थ्यांनी काय केले

या इतिहासात विद्यार्थ्यांनी स्वतः केलेल्या कृतीही आहेत. नोव्हेंबर १९४० मध्ये नेदरलंड्समध्ये ज्यू प्राध्यापकांना बडतर्फ करण्यात आले. २६ तारखेला लायडन विद्यापीठात विधिशाखेचे प्रमुख रुडॉल्फ क्लेव्हेरिंगा यांनी आपले गुरू आणि सहकारी एडुआर्ड मायर्स यांच्या बडतर्फीविरुद्ध भाषण केले. विद्यार्थ्यांनी भाषणाच्या प्रती काढून वाटल्या आणि संप केला. क्लेव्हेरिंगांना तुरुंगवास झाला आणि जर्मनांनी विद्यापीठ बंद केले. ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारचे युवकमंत्री ल शांबोंला आले, तेव्हा तिथल्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती पत्र दिले. जुलैमध्ये पॅरिसमध्ये झालेल्या ज्यूंच्या धरपकडीचा त्यात निषेध होता. आमच्यात ज्यू आहेत आणि त्यांना न्यायला आलात तर आम्ही त्यांना लपवू, असे त्यांनी मंत्र्याला कळवले. कोपनहेगनमध्ये ऑक्टोबर १९४३ च्या त्या दिवसांत विद्यार्थ्यांना मदतकार्याला जाता यावे म्हणून विद्यापीठाचे वर्ग आठवडाभर बंद ठेवण्यात आले. जर्मनीत म्युनिकच्या ‘व्हाइट रोझ’ गटातल्या विद्यार्थ्यांनी १९४२ च्या उन्हाळ्यात काढलेल्या दुसऱ्या पत्रकात पोलंडमधल्या ज्यूंच्या हत्येची वाच्यता केली. हान्स आणि सोफी शोल यांना २२ फेब्रुवारी १९४३ रोजी देहदंडाच्या शिक्षेखाली गिलोटिनने मारण्यात आले. सोफी तेव्हा २१ वर्षांची होती.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मे १९३३ मध्ये जर्मन विद्यापीठांच्या शहरांत पुस्तकांच्या होळ्या पेटवल्या त्या विद्यार्थी संघटनांनीच. शिक्षणाने विवेक आपोआप येतो, हा समज या एका घटनेने खोटा ठरतो.

धर्माची आज्ञा आणि धर्मसंस्थेचे वर्तन

परक्याला सांभाळण्याची आज्ञा ज्यू धर्मग्रंथात वारंवार येते आणि तिचे कारणही दिलेले असते: इजिप्तमध्ये तुम्ही स्वतः परके होतात. त्याच ग्रंथात शेजाऱ्याचे रक्त सांडत असताना स्वस्थ उभे राहण्याची मनाई आहे. ख्रिस्ताने सांगितलेल्या दृष्टान्तात रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला पुरोहित ओलांडून जातो आणि तुच्छ मानला गेलेला शोमरोनी माणूस त्याची शुश्रूषा करतो. ज्या युरोपात ही वचने दर रविवारी वाचली जात, तिथेच हे घडले. धर्मसंस्थांना हा प्रश्न टाळता येत नाही.

जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चचा विरोध मुख्यतः चर्चच्या स्वायत्ततेपुरता राहिला. ज्यू वंशाच्या पण ख्रिस्ती झालेल्या धर्मोपदेशकांचा कैवार घेतला गेला. सिनेगॉगमध्ये जाणाऱ्या ज्यूंविषयी मौन राहिले. पास्टर मार्टिन नीम्योलर यांनी १९३७ पासून आठ वर्षे कैद भोगली, आणि युद्धानंतर इतरांवर आघात होत असताना आपण गप्प बसलो अशी जाहीर कबुली दिली. तरुण धर्मचिंतक डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३३ च्या निबंधात चर्चपुढे तीन मार्ग मांडले होते: राज्यसत्तेला जाब विचारणे, चाकाखाली सापडलेल्यांना मदत करणे आणि वेळ आल्यास चाकच अडवणे. त्याच निबंधात ज्यूंविषयीचे पारंपरिक ख्रिस्ती पूर्वग्रहही आढळतात. पुढे ते हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाले आणि एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी देण्यात आले. विचार अपुरा असतानाही माणूस योग्य दिशेने चालू लागू शकतो आणि चालता चालता त्याचा विचार सुधारतो, याचे हे उदाहरण आहे.

तीन तात्त्विक प्रश्न

पहिला प्रश्न सत्याचा. मित्र घरात लपला आहे आणि खुनी दारात येऊन विचारतो, तर त्यालाही खोटे सांगू नये, असे तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्टने १७९७ च्या एका लेखात प्रतिपादले. ल शांबोंमध्ये हा प्रसंग पोलिसांच्या रूपाने पुनःपुन्हा आला. तिथल्या धर्मनिष्ठ माणसांनी खोटी ओळखपत्रे बनवली, खोटी नावे सांगितली, आणि काहींना त्याची बोचही लागली. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याने लपलेल्या माणसांची वाट दरोडेखोरांना दाखवली, ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. धर्म लोकांच्या धारणेसाठी असतो, ही श्रीकृष्णाची भूमिका आणि ल शांबोंच्या शेतकऱ्यांचे आचरण एकाच बाजूला पडतात. कान्टची काळजीही विद्यार्थ्याने समजून घ्यावी. सोयीनुसार खोटे बोलण्याला एकदा वाट मिळाली की तिला अंत नसतो. परंतु ज्याच्या जिवावर बेतले आहे त्याच्यासाठी बोललेले आणि स्वतःच्या सोयीसाठी बोललेले, हा भेद विवेकाला करता येतो.

दुसरा प्रश्न दोषाचा. ज्याने काही केले नाही तो दोषी कसा? १९४५-४६ च्या हिवाळ्यात हायडेलबर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी उद्ध्वस्त जर्मनीतल्या विद्यार्थ्यांपुढे याच विषयावर व्याख्याने दिली. पत्नी ज्यू असल्याने त्यांना स्वतःला १९३७ मध्ये अध्यापनातून दूर करण्यात आले होते. त्यांनी दोषाचे चार प्रकार केले. कायदा मोडणाऱ्याचा दोष न्यायालय ठरवते. राज्याच्या कृत्यांची राजकीय जबाबदारी सर्व नागरिकांवर येते. नैतिक दोष ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाने तपासायचा असतो. चौथ्याला ते पारभौतिक दोष म्हणतात: माणूस म्हणून माणसाशी असलेले नाते तुटू दिल्याचा दोष. या विभागणीमुळे सगळेच दोषी किंवा कोणीच दोषी नाही, अशा दोन्ही सोप्या उत्तरांतून विद्यार्थ्याची सुटका होते. एव्हियांचे प्रतिनिधी पहिल्या अर्थाने निर्दोष होते. उरलेल्या तीन अर्थांनी त्यांची झडती घेता येते.

तिसरा प्रश्न हक्कांचा. राजकीय विचारवंत हॅना आरेंट स्वतः १९३३ मध्ये जर्मनीतून निसटल्या, फ्रान्समध्ये स्थानबद्ध झाल्या आणि अमेरिकेत पोहोचल्यावरही १९५१ पर्यंत कोणत्याच देशाच्या नागरिक नव्हत्या. मानवी हक्क माणसाला जन्माने मिळतात असे म्हटले जाते, पण ज्याच्या मागे कोणतेही राज्य नाही त्याचे हक्क कोणीच मानत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. आधी नागरिकत्व जाते, मग घर, मग जीव. म्हणून एखाद्या राजकीय समाजाचा घटक असणे हा इतर सर्व हक्कांच्या आधीचा हक्क ठरतो. नागरिकत्वाच्या कागदाकडे पाहण्याची दृष्टी या विवेचनानंतर बदलते.

भारतातला संवाद

हा विषय भारतात तेव्हाही चर्चेत होता. २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये महात्मा गांधींनी ज्यूंविषयी गाढ सहानुभूती व्यक्त केली आणि जर्मनीतल्या ज्यूंनी तिथेच राहून सत्याग्रह करावा असा सल्ला दिला. त्याच वर्षी जर्मनी सोडून जेरुसलेमला गेलेले तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये गांधींना उद्देशून सविस्तर पत्र लिहिले. जिथे साक्षीदार नाही आणि बलिदानाची वार्ता बाहेर जात नाही, तिथे सत्याग्रहाचा परिणाम कोणावर होणार, असा त्यांचा सवाल होता. दोघांनाही हिंसेचा तिटकारा होता. दूरच्या माणसाला धैर्याचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या परिस्थितीची पुरेशी माहिती असावी लागते, ही जाणीव हा वाद वाचताना होते. जवाहरलाल नेहरूंनी कुशल ज्यू निर्वासितांना भारतात काम मिळावे असा आग्रह धरला होता.

महाराष्ट्राच्या कोकणपट्टीत बेने इस्रायल समाज शतकानुशतके मराठी बोलत नांदला होता, त्यामुळे ज्यू माणूस इथे नवखा नव्हता. १९३० च्या दशकात मुंबईतल्या ज्यू रिलीफ असोसिएशनने युरोपातून येणाऱ्यांना हात दिला. त्या आलेल्यांत संगीतकार वॉल्टर काउफमन होते. आकाशवाणीच्या सुरुवातीच्या धूनचे श्रेय त्यांना दिले जाते. व्हिएन्नाचे वॉल्टर लँगहॅमर व इमॅन्युएल श्लेसिंगर आणि बर्लिनचे रुडी फॉन लायडन यांनी मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांना पाठबळ दिले. मात्र युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हिटलरपासून पळालेल्या काही ज्यूंनाही शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. ते बहुतांशी ख्रिस्ती होते आणि सोव्हिएत हद्दपारीतून सुटून आले होते. त्यांची कथा ज्यू निर्वासितांच्या कथेत मिसळू नये. आश्रय दिल्याने प्रदेशाचे काही बिघडत नाही, याचा दाखला म्हणून ती स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे.

शिकण्याची रीत

असा इतिहास कसा शिकावा याविषयी अनुभवी शिक्षकांमध्ये काही बाबतींत एकमत आहे. मूळ कागद वाचावेत: व्हिसाचे अर्ज, परिषदांची इतिवृत्ते, मुलांची पत्रे. त्या वेळच्या माणसांना काय ठाऊक होते आणि काय ठाऊक नव्हते, हे वेगळे काढावे. १९३८ मध्ये गॅसकोठड्यांची कल्पना कोणाला नव्हती, परंतु जळालेली सिनेगॉग सर्वांना दिसत होती. विद्यार्थ्यांना छावणीतल्या कैद्यांची आणि पहारेकऱ्यांची सोंगे देऊन नाट्यीकरण करू नये. त्याने यातनांचा खेळ होतो आणि समजल्याचा खोटा भास निर्माण होतो. ज्यूंना निव्वळ बळी म्हणून दाखवू नये. कायदे पाळत, कर भरत, रांगेत उभे राहत, मुलांना दूर पाठवत त्यांनी स्वतःच्या सुटकेसाठी अतोनात धडपड केली. आजच्या प्रत्येक प्रसंगाला नाझी काळाची उपमा देऊ नये आणि त्या काळाचा आजशी काहीच संबंध नाही असेही मानू नये.

वाचवणाऱ्यांच्या कथाही त्यांच्या खऱ्या प्रमाणात मांडाव्यात. याद वाशेमने आजवर गौरवलेल्या व्यक्ती २८,००० हून थोड्या अधिक आहेत. कोट्यवधी लोकसंख्येच्या युरोपात ही संख्या फार लहान आहे. तरीही तिचे महत्त्व मोठे आहे, कारण दुसरे काही करणे शक्यच नव्हते हा बचाव तिने खोडून काढला. स्वतः संहारातून वाचलेले समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल ऑलिनर आणि त्यांच्या पत्नी पर्ल यांनी अशा शेकडो माणसांच्या मुलाखती घेऊन १९८८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. धार्मिकता किंवा शिक्षण यांचा एकट्याने निर्णायक प्रभाव त्यांना आढळला नाही. या माणसांच्या घरी मुलांना माराऐवजी कारणे सांगून वळण लावले जाई आणि आपल्या जातकुळीबाहेरच्या माणसाविषयीही जबाबदारी शिकवली जाई. अनेकांनी पहिली मदत केली ती कोणीतरी येऊन विचारले म्हणून. ज्याला विचारावेसे वाटेल असे माणूस असणे, हे शिक्षणाचे उद्दिष्ट होऊ शकते.

युद्धानंतर जगाने या अनुभवातून काही बोध घेतला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने छळापासून आश्रय मागण्याचा हक्क मान्य केला. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराने जिथे जिवाला धोका आहे तिथे निर्वासिताला परत पाठवण्यास मनाई केली. भारताने या करारावर सही केलेली नाही. तरी तिबेटी, श्रीलंकन तमिळ अशा अनेकांना त्याने वेळोवेळी आश्रय दिला आहे. करार आणि कायदे आवश्यक आहेत, पण ते अमलात आणणारा अधिकारी, मत देणारा नागरिक आणि दार उघडणारा गृहस्थ घडतो तो वर्गात आणि घरात. १९३८ मध्ये जगात सहानुभूती भरपूर होती, जबाबदारी घेणारे मोजके होते. विद्यार्थ्याने या इतिहासातून एकच सवय उचलली तरी पुरे: शरण आलेल्याला नकार देणारे कोणतेही कारण ऐकले, मग ते कितीही कायदेशीर आणि शहाणपणाचे वाटो, की त्या माणसाचे उद्या काय होईल हे आधी विचारावे आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत मान डोलावू नये.